रिडन्डन्सी म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणणं हे माझं रोजचं काम. एकदा तपासायला आलेल्या मजकुरात वाक्य होतं : 'अनावश्यक वीजपुरवठा बसवणे आवश्यक आहे.' मूळ शब्द होते रिडन्डन्ट पॉवर सप्लाय, म्हणजे एक बंद पडला तर असावा म्हणून ठेवलेला दुसरा वीजपुरवठा. शब्दकोशात 'अनावश्यक' हा अर्थ सगळ्यात वर होता, तो उचलला गेला. ते वाचून एखाद्या तंत्रज्ञाने दुसरा पुरवठा काढून बाजूला ठेवला असता, तरी त्याला बोल लावता आला नसता. त्यानंतर या शब्दाबद्दल जे प्रश्न मला विचारले गेले, आणि जे मीच लोकांना विचारले, ते इथे एकत्र केले आहेत.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये 'रिडुन्डारे' म्हणजे भरून वाहणं, उतू जाणं. त्याच्या पोटात 'उन्डा' आहे, म्हणजे लाट. भांड्यात मावतं त्यापेक्षा पाणी जास्त झालं, एवढंच मूळ शब्द सांगतो. ते जास्तीचं पाणी वाया गेलं की कुणाच्या उपयोगी पडलं, हे तो सांगत नाही. पुढे इंग्रजीत वाटा फुटल्या. भाषेत आणि नोकरीच्या कागदांत हा शब्द 'नको असलेलं' या अर्थाने स्थिरावला, अभियांत्रिकीत 'मुद्दाम ठेवलेलं जास्तीचं' या अर्थाने. घोळ इथून सुरू होतो.

मराठीत याला एकच नेमका शब्द आहे का?

नाही, आणि शोधण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. लिहिण्याबोलण्यात असेल तर 'पुनरुक्ती'. लांबण लावली असेल तर 'पाल्हाळ'. यंत्रात असेल तर 'पर्यायी', 'राखीव' किंवा 'जादा'. नोकरीत 'अतिरिक्त ठरणं'. कामाचं उरलेलं नसेल तर सरळ 'निरुपयोगी'.

'अतिरिक्त' हा सगळीकडे चालेल असं वाटतं, पण तोच जास्त फसवतो. 'अतिरिक्त शिक्षक' म्हटलं की ज्यांची शाळेतली जागा उरली नाही ते बिचारे. 'अतिरिक्त आयुक्त' म्हटलं की मोठं पद. शब्द एक, पण एकाची झोप उडालेली आणि दुसऱ्याच्या दाराबाहेर शिपाई. तांत्रिक मजकुरात मी 'रिडन्डन्सी' तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे अर्ध्या वाक्यात अर्थ सांगते : 'एक बंद पडल्यास काम थांबू नये म्हणून ठेवलेली दुसरी सोय'.

'पिवळा पीतांबर' हे रिडन्डन्सीचं उदाहरण आहे ना?

शाळेपासून तेच सांगतात. पीत म्हणजेच पिवळा, मग पुन्हा पिवळा कशाला? तसंच 'गाईचं गोमूत्र'. 'सुस्वागतम्' मध्ये सु दोनदा आलाय, कारण स्वागत हा शब्दच सु आणि आगत यांचा झालेला आहे. 'सविनयपूर्वक' मधला 'स' आणि 'पूर्वक' एकच काम करतात; 'सविनय' म्हणा किंवा 'विनयपूर्वक' म्हणा.

पण पीतांबराची गोष्ट थोडी निराळी आहे. हिरवा पीतांबर, जांभळा पीतांबर असं लोक बिनदिक्कत म्हणतात, कारण तो शब्द आता रंगाचा राहिलेला नाही, वस्त्राच्या प्रकाराचं नाव झालाय. पीतांबर हिरवाही असू शकतो म्हटल्यावर पिवळ्याला 'पिवळा' म्हणणं ही पुनरुक्ती राहते का? माझ्या मते नाही. मूळ अर्थ मेला की त्याच्यामुळे झालेली पुनरुक्तीही मरते.

एटीएम मशीन, पिन नंबर?

एटीएममधला शेवटचा एम म्हणजे मशीन. पिनमधला शेवटचा एन म्हणजे नंबर. 'पिनकोड नंबर' म्हणताना तर आपण नंबर, कोड आणि परत नंबर असं तिहेरी म्हणतो. लिहिताना 'पिनकोड' पुरतो. बोलताना मात्र मी 'पिन नंबर'च म्हणते. नुसतं 'पिन दे' म्हटल्यावर माझ्या हातात टाचणी आलेली आहे.

मग कागदपत्र, धनदौलत, लाजशरम हेही चुकीचं म्हणायचं का?

अजिबात नाही. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातलं. धन संस्कृत, दौलत अरबी-फारसी. लाज 'लज्जे'वरून, शरम फारसी. दोन भाषा शेजारी नांदल्या की असे जोडशब्द तयार होतात. एक शब्द कळला नाही तर दुसरा कळेल, ही सोय त्यांच्यात आहे. पुढे त्यांचा स्वतःचा अर्थ तयार झाला. 'कागदपत्रं आणा' म्हटलं की आपण कोरे कागद नेत नाही.

'हळूहळू', 'घरोघरी', 'बोलता बोलता' हे तर वेगळंच प्रकरण. ती द्विरुक्ती आहे, तिथे दुसऱ्यांदा म्हटल्याने अर्थ बदलतो. घरी जाणं आणि घरोघरी जाणं एक नव्हे.

पुनरुक्ती हा दोष कुणी ठरवला?

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, वादात हरण्याची जी बावीस कारणं दिली आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात, त्यांत 'पुनरुक्त' आहे. सूत्र असं : 'शब्दार्थयोः पुनर्वचनं पुनरुक्तमन्यत्रानुवादात्.' शब्द किंवा अर्थ पुन्हा सांगणं म्हणजे पुनरुक्त, अनुवाद वगळून. इथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे. काही हेतूने केलेलं पुनर्कथन. व्याख्येतच अपवाद घालून ठेवलाय. दुसऱ्यांदा सांगण्याला कारण असेल तर तो दोष नाही. सर्व्हरच्या खोलीतही मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

माहितीशास्त्रात रिडन्डन्सी म्हणजे काय?

आधी हे वाचा :

उद्य सकळ दह वजत य

काना, मात्रा, वेलांट्या सगळं काढलंय, तरी वाचता आलं. म्हणजे जे काढलं ते अर्थासाठी अगदी अपरिहार्य नव्हतं, उरलेल्यावरून त्याचा अंदाज बांधता येत होता. क्लॉड शॅननने १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला, तेव्हा याच गोष्टीला मोजमाप दिलं. साधारण आठ अक्षरांपर्यंतचे संबंध धरले तर लिखित इंग्रजीतली रिडन्डन्सी अंदाजे ५० टक्के भरते, असं त्याने म्हटलं. याचा अर्थ, आपण लिहितो त्यातलं जवळपास निम्मं आपण निवडतच नाही. ते भाषेच्या घडणीनेच ठरलेलं असतं. शब्दकोडी जमतात की नाही, हेही भाषेतल्या रिडन्डन्सीवर अवलंबून असतं, असा एक गमतीचा मुद्दा त्याच लेखात आहे.

मराठीचं व्याकरण या बाबतीत फार उदार आहे. 'माझ्या दोन्ही मोठ्या बहिणी काल आल्या' यात एकाहून अधिक बहिणी आहेत हे 'माझ्या', 'दोन्ही', 'मोठ्या', 'बहिणी' आणि 'आल्या' असं पाच ठिकाणी सांगितलंय. फोनवर आवाज तुटला आणि 'बहिणी' ऐकूच आलं नाही, तरी ज्या कुणी आल्या त्या स्त्रिया आणि एकीपेक्षा जास्त, हे शेवटच्या 'आल्या'वरून कळतं. 'त-- आली' मधलं सर्वनाम पुसलं गेलं तरी 'ती' परत मिळवता येते. 'त-- येणार' मध्ये ती, तो की ते, काही सांगता येत नाही, कारण तिथे क्रियापद साक्ष देत नाही.

आकड्यांमध्ये ही सोय का नसते?

कारण कुठल्याही आकड्याशेजारी कुठलाही आकडा येऊ शकतो. वरच्या वाक्यात 'दह'वरून दहा ओळखता आले, पण १० मधला शून्य पुसला गेला तर उरलेला १ तोंड उघडत नाही. ऐकतानाही तेच. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे फोनवर इतके सारखे वाटतात की शेवटी आपण 'पाच नऊ' असं सुटं सांगतो, आणि तेही दोनदा. चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची ती यासाठीच. दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात, कारण आकड्याची खाडाखोड करण्यापेक्षा शब्दाची करणं अवघड.

जिथे आकडे लांबलचक असतात तिथे रिडन्डन्सी मुद्दाम घालतात. पुस्तकाच्या आयएसबीएन या ओळखक्रमांकातला शेवटचा आकडा पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. तो आधीच्या बारा आकड्यांवर पहारा देतो. ९७८०३०६४०६१५ घ्या. आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की ९३ येते. पुढच्या पूर्ण दहापर्यंत, म्हणजे १०० पर्यंत ७ कमी पडतात, म्हणून तेरावा आकडा ७. यातला कुठलाही एक आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही.

पण आता शेवटाकडच्या ६१ ची अदलाबदल करून १६ करा. आधी त्या दोन आकड्यांची भर १८ अधिक १, म्हणजे १९ होती. आता ३ अधिक ६, म्हणजे ९ झाली. फरक बरोबर दहाचा, आणि पहारेकरी झोपलेला! शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल तर त्यांची अदलाबदल ही पद्धत पकडू शकत नाही.

चूक नुसती पकडायची नाही, दुरुस्तही करायची असेल तर जास्त भर घालावी लागते. रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीत चार बिटांबरोबर (बिट म्हणजे ० किंवा १) तीन जादा बिट पाठवतात, आणि त्या सातांतला कुठलाही एक बिघडला तर नेमका कोणता ते कळतं. क्यूआर कोडच्या सर्वात वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर निघतो. मधोमध चित्र चिकटवूनही तो चालतो, त्याचं रहस्य हेच.

रेड डिस्क असल्यावर बॅकअप कशाला?

हा प्रश्न मीही एकदा विचारला होता, आणि उत्तर महागात पडलं.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत; त्या इंग्रजी संक्षेपातला पहिला शब्दच 'रिडन्डन्ट'. तिची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ मधल्या लेखातून रूढ झाली. मुद्दा सोपा : एका डिस्कवर ५ लिहिलेत, दुसऱ्यावर ८, तर तिसऱ्यावर त्यांची बेरीज १३ ठेवायची. कुठलीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोघींवरून हिशेब लागतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांची सम-विषम तपासणी असते, पण तत्त्व हेच. (रेड शून्य या प्रकारात नावापुरता 'रिडन्डन्ट' आहे. तिथे एकही जादा प्रत नसते, एक डिस्क गेली की सगळं गेलं. ते शून्य खरं बोलतं.)

माझ्याकडे दोन डिस्कवर एकसारखी प्रत ठेवणारी जोडी होती. एका रात्री मी चुकीचं फोल्डर पुसलं. जोडीने आपलं काम चोख केलं, दुसऱ्या डिस्कवरूनही ते त्याच क्षणी पुसलं. रेड तुम्हाला डिस्क मरण्यापासून वाचवतं, तुमच्यापासून वाचवत नाही. बॅकअप म्हणजे कालची प्रत, आजच्या चुकीच्या हाती न लागणारी. आणि ती परत उतरवून पाहिली नसेल तर भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो.

सर्व्हरमध्ये रिडन्डन्सी घाला म्हणतात, डेटाबेसमधून काढा म्हणतात. नेमकं करायचं काय?

दोन्ही. प्रश्न इतकाच, की दोन प्रती एकमेकींशी सारख्या ठेवण्याची जबाबदारी कुणावर आहे? रेडमध्ये ती यंत्रणेवर असते. एकाच ग्राहकाचा पत्ता तुम्ही तीन तक्त्यांत लिहिलात तर ती तुमच्यावर असते, आणि तुम्ही विसरता. घर बदलल्यावर एका संस्थेत मी पत्ता बदलून घेतला. पावती नव्या पत्त्यावर आली, नूतनीकरणाची नोटीस जुन्या. दोन्ही एकाच खिडकीतून निघालेल्या. एडगर कॉडने १९७० मध्ये माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली, त्या लेखातही रिडन्डन्सी आणि तिच्यातून निघणारी विसंगती यांची चर्चा आहे. ज्या प्रतीला कुणी वाली नाही ती प्रत काढून टाका.

गाडीतली स्टेपनी म्हणजे रिडन्डन्सी का?

हो, आणि जुनं उदाहरण आहे. शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ पासून मोटारीचं जादा चाक तयार होऊ लागलं. अभियंते हिला 'कोल्ड स्टँडबाय' म्हणतील, कारण ती निजलेली असते. गाडी थांबवून, जॅक लावून तिला कामावर आणावं लागतं. दुसरा प्रकार 'हॉट स्टँडबाय' : दुसरं यंत्र चालूच असतं, पहिलं पडताच क्षणात भार घेतं. ट्रकच्या मागच्या बाजूला जोडीने लावलेली चाकं ही त्याच्या जवळ जाणारी गोष्ट. निजलेल्या सोयीची एक खोड असते : तीही आतल्या आत बिघडते आणि आपल्याला गरजेच्या वेळीच कळतं. स्टेपनीत हवा आहे का, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

दोन पुरतात की तीन लागतात?

बंद पडलेलं यंत्र ओळखता येत असेल तर दोन पुरतात. पण यंत्र चालू राहून चुकीचं उत्तर देत असेल तर दोघांच्या भांडणात खरं कोण, हे कसं ठरवणार? म्हणून तीन, आणि बहुमत. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये पाच संगणक होते. उड्डाणाच्या वेळी चारांवर एकच सॉफ्टवेअर चाले आणि ते एकमेकांना तपासत. पाचव्यावर वेगळ्या गटाने स्वतंत्रपणे लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं, कारण चारही जणांनी एकच चूक एकमताने केली तर बहुमत काय कामाचं? गंमत म्हणजे पहिलं उड्डाण १० एप्रिल १९८१ ला अडलं ते या पाचव्याचा बाकीच्यांशी वेळेचा मेळ बसेना म्हणून. शटल १२ तारखेला उडालं. जादा सोय ही स्वतः जादा भानगडही असते.

दोन-तीन असूनही सगळं एकदम बंद का पडतं?

कागदावरचं गणित मोहक असतं. एक पंप शंभरात एकदा दगा देतो, तर दोन्ही एकदम दगा देण्याची शक्यता दहा हजारांत एक. पण हे गुणाकाराचं गणित दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तरच खरं. दोन्ही पंप एकाच फ्यूजवर असतील तर तो फ्यूजच तुमचा खरा पंप.

१९ जुलै १९८९ ला युनायटेड एअरलाइन्सच्या उड्डाण २३२ च्या विमानात तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमान वळवणाऱ्या. शेपटातल्या इंजिनाची पंख्याची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही निकामी केल्या, कारण तिन्हींच्या नळ्या शेपटातूनच जात होत्या. नुसत्या इंजिनांच्या जोरावर वैमानिकांनी विमान धावपट्टीपर्यंत आणलं, २९६ पैकी १८४ जण वाचले. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात ११ मार्च २०११ ला भूकंपाने बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं ठरल्याप्रमाणे सुरू झाली, आणि मग त्सुनामीची लाट आली. बहुतेक जनित्रं तळघरांत होती. टिकलं ते सहाव्या अणुभट्टीचं, हवेने थंड होणारं एक. 'लाट' हा अर्थ पोटात घेऊन फिरणाऱ्या शब्दाबद्दल लिहिताना ही गोष्ट आठवली की बरं वाटत नाही.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते युरोपच्या एरियन ५ या रॉकेटचं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६. रॉकेटची दिशा सांगणारी दोन उपकरणं होती. यंत्र तेच, सॉफ्टवेअर तेच. आत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवायची होती. अधिक-उणे चिन्ह धरून १६ बिटांत ३२,७६७ च्या वर जाता येत नाही, आणि एरियन ५ चा आडवा वेग जुन्या रॉकेटपेक्षा बराच जास्त होता. संख्या मावली नाही, उपकरण बंद पडलं. संगणक दुसऱ्याकडे वळला, तर ते त्याच कारणाने ७२ मिलिसेकंद आधीच गेलेलं. प्रज्वलनाचा क्रम सुरू झाल्यावर सुमारे ३७ सेकंदांत रॉकेट भरकटलं आणि फुटलं. आता पुढचं : हा हिशेब करणारा सॉफ्टवेअरचा तुकडा एरियन ४ साठी लिहिलेला होता, उड्डाणानंतर एरियन ५ ला त्याचं काहीच काम नव्हतं. म्हणजे 'नको असलेल्या' रिडन्डन्टने 'हवा असलेला' रिडन्डन्ट बुडवला.

माणसं दोन ठेवली तर?

'तू तपासलंस ना?'
'मला वाटलं तू तपासलंस.'

दोन यंत्रं एकमेकांवर विसंबून आळशी होत नाहीत. माणसं होतात. दोघांना वेगवेगळं काम द्या. माझ्याकडे एक जण मराठी मजकूर मूळ न बघता वाचतो, दुसरी फक्त आकडे आणि एककं ताडून पाहते.

सजीवांत रिडन्डन्सी असते का?

एका मूत्रपिंडावर माणूस जगतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून खोलवर, जनुकीय लिपीत तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द होतात, पण त्यांतून निवडायची अमिनो आम्लं २० च. थांबण्याच्या तीन खुणा वगळल्या तरी ६१ शब्द उरतात. एकट्या ल्यूसिनसाठी सहा. त्यामुळे एखादं अक्षर बदलूनही कित्येकदा प्रथिन तेच राहतं.

नोकरीत 'रिडन्डन्ट' म्हणजे कामावरून काढलं, असंच ना?

परिणाम तोच, पण कायद्याचा कटाक्ष वेगळ्या गोष्टीवर असतो. हा शब्द मुख्यतः ब्रिटनचा. तिथे १९६५ च्या कायद्याने अशा कर्मचाऱ्यांना भरपाई देणं मालकांवर बंधनकारक झालं, आता १९९६ चा रोजगार हक्क कायदा लागू आहे आणि भरपाईसाठी सलग दोन वर्षांची नोकरी लागते. तिथे काम किंवा पद उरत नाही, असं म्हणणं असतं. गैरवर्तनासाठी काढणं हे निराळं. अमेरिकेत 'लेऑफ' म्हणतात, आपल्या वर्तमानपत्रांत 'नोकरकपात' किंवा 'कामगारकपात'. म्हणून अशा पत्राचं भाषांतर करताना 'आपण अनावश्यक ठरला आहात' असं कृपा करून लिहू नका. 'आपले पद रद्द होत आहे' हे कायद्यालाही धरून आहे आणि वाचणाऱ्यालाही जरा कमी लागतं.

लिहायचं कसं, रिडन्डन्सी, रिडंडन्सी की रिडन्डंसी?

तिन्ही दिसतात, तिन्ही वाचता येतात. मी पहिलं लिहिते. एका पुस्तकात मात्र एकच रूप ठेवा, नाहीतर शोधताना निम्म्या जागा सापडत नाहीत.